कमी ऐकणारा माइक

आठ दिवसांत तिसरा माइक शालनअक्कानं खोक्यात घालून परत आणला, तेव्हा दस्तगीर मुल्लानं तोंडातला चहा आधी गिळला आणि मग विचारलं, "आता ह्यात काय खोट काढली?"

"मी कशाला काढू? खोट हायच त्यात. आवाज पातळ येतोय. ताकात तांब्याभर पाणी ओतल्यागत."

"अक्का, ह्याच्याएवढा स्वच्छ माइक सांगली-कोल्हापुरात नाही. समोरच्या भिंतीवर पाल चुकचुकली तरी धरतो हा."

"तेच म्हणते मी. मला पालीची मुलाखत घ्यायची न्हाई."

दस्तगीर हसला नाही. जयसिंगपूरच्या सहाव्या गल्लीत त्याचं दुकान. बापाच्या काळात तिथून लग्नाचे भोंगे भाड्यानं जायचे, आता तो माइक आणि माइकचा आवाज वाढवणारे प्रीॲम्प विकायचा. चाळीस वर्षं आवाजाच्या धंद्यात काढलेल्या माणसासमोर आवाजाला पातळ म्हणणं म्हणजे सुगरणीच्या ताटातून केस काढून दाखवणं.

"मागचा घरघरतोय म्हणून दिलात," तो बोटांवर मोजत म्हणाला. "त्याच्या आधीचा दिसायला बरा नाही म्हणून. माइक बघायचाय की सोयरीक?"

"दोन्हीत लोक फसवतात. म्हणून निरखून घ्यायचं."

एवढं बोलून ती बाहेर पडली. सदुसष्ट वर्षांची बाई, पण चाल अशी की गल्लीतली पोरं सायकल बाजूला घ्यायची. आज मात्र ती घरापर्यंत जाऊन परत कोपऱ्यापर्यंत आली, तिथून पुन्हा घराकडं वळली. एक जूनला बारा दिवस उरले होते आणि तिच्याकडं माइक नव्हता.

माइक पातळ नव्हता, घरघरत नव्हता आणि दिसायलाही झकास होता. अडचण वेगळीच होती, आणि ती दस्तगीरला काय, कुणालाच सांगण्यासारखी नव्हती.

शालनअक्का म्हणजे पुराचा आवाज. धरणातून पाणी सोडलं की नदीकाठच्या गावांत फोनवर, देवळाच्या भोंग्यावर, दूध डेअरीच्या स्पीकरवर तीच बोलायची. कुठल्या धरणाचे किती दरवाजे उघडले, पाणी किती फुटांवर आलं, कोणत्या गावानं कधी निघायचं. एकोणीस वर्षं. सरकारी माणूस दारात उभा राहून सांगायचा तरी लोक म्हणायचे, अक्का अजून बोलली नाही. आणि ती बोलली की म्हाताऱ्यासुद्धा गाठोडी बांधायच्या. तिच्या आवाजात गोडवा नव्हता. सकाळी सकाळी अंगावरची वाकळ ओढून काढणाऱ्या आईसारखा तो आवाज होता, आणि त्याच्यापुढं कुणाचं चालायचं नाही.

मग दोन हजार एकोणचाळीसचा पूर आला. तोवर तीन शब्द ऐकून माणसाचा आवाज उभा करणारी मशीनं पोरांच्या फोनात आलेली. कुणीतरी, कोण ते आजवर कळलं नाही, अक्काच्या आवाजात एक निरोप पसरवला: पाणी ओसरलंय, घरी या. माणसं छावणीतून परतली. पाणी ओसरलं नव्हतं. त्या दोन दिवसांत सात माणसं गेली. अक्कानं तो निरोप नंतर ऐकला. तिचाच आवाज, तीच ठसक, "बायांनो" म्हणायची तीच लकब. ती घरात येरझाऱ्या घालत एकच म्हणत राहिली, मी न्हाई बोलले, मी न्हाई बोलले. तिला कुणी दोष दिला नव्हता. तरी त्या दिवसापासून तिची मांडी कुठं नीट बसली नाही.

अशा भानगडी देशभर झाल्या आणि त्यातून निघाली नाडीमुद्रा. ती काय असते ते आधी सांगायला हवं.

माणूस बोलत असतो तेव्हा छातीतलं काळीज काही थांबत नाही. दर ठोक्याला गळ्यातल्या पडद्यांमध्ये रक्ताची लहर येते आणि सूर इतका कमी हलतो की कानाला पत्ता लागत नाही. यंत्राला लागतो. पण नुसता ठोका काय, खोटा आवाज बनवणारं मशीनही पेरेल. म्हणून शास्त्रज्ञांनी दुसरी गाठ मारली. बोलणाऱ्याच्या बोटात एक अंगठी घालायची. अंगठी बोटातली नाडी वाचणार, माइक गळ्यातली. दोन्हींचा मेळ बसला तर हा गळा आणि हे बोट एकाच जिवंत माणसाचं. मग त्या रेकॉर्डिंगवर हिरवी मुद्रा. मध्ये कुठं कापलं की मुद्रा तुटली. बोलताना नऊ सेकंदांपेक्षा जास्त गप्प राहिलात की तुटली. आणि अंगठीशी न जुळणारी दुसरी नाडी आवाजात सापडली तर मुद्रा लागणारच नाही.

हे जुळवायचं काम प्रीॲम्पच्या पोटात चालायचं. माइकमधून निघते ती विजेची नुसती ठिणगी. प्रीॲम्प म्हणजे फुंकणी. फुंकणी चांगली असली तर जाळ होतो, वाईट असली तर आधी राख उडते. आवाजात त्या राखेला सूं म्हणतात, आणि त्या सूंमध्ये काळजाचा ठोका बुडून जातो. म्हणून माइक कोणता आणि त्याला फुंकणी कोणती, ह्याला आता लग्नाच्या पत्रिकेपेक्षा जास्त महत्त्व आलं होतं. आणि पत्रिका तरी कुठं राहिल्या होत्या. मुलगी बघायला जाण्याआधी मुलाचा मुद्रा लावलेला निरोप मागायचे. परदेशातला मुलगा फोनवर रडायला लागला तर आई म्हणायची, मुद्रा लाव, मग रड.

एक जूनपासून पुराचा निरोप मुद्रेशिवाय कुणाच्या फोनवर वाजणार नव्हता. त्याआधी जिल्ह्याचा पूरकक्ष निरोप सांगणाऱ्याची परीक्षा घेणार होता. हे ऐकून सगळ्यात आधी खूश झाली ती अक्का. आता कुणी माझा आवाज चोरून दाखवा, म्हणाली. मग तिनं पहिला माइक लावला आणि प्रीॲम्पच्या मशीनच्या खिडकीत लाल अक्षरं आली.

"काय म्हणतंय ते?" तिनं सुनेला विचारलं.

प्रांजलनं वाचून दाखवलं, "एकाहून अधिक माणसं."

कारण अक्काला वाचता येत नव्हतं.

दुसरीत असताना धाकट्या भावंडांना सांभाळायला तिला घरी बसवलं, ते बसवलंच. कागदावरची ओळ तिला चटईवर वाळत घातलेल्या कुरडयांसारखी दिसायची. नक्षी छान, पण कळायचं काही नाही. तिचा नवरा बळवंत रिक्षावर भोंगा लावून जाहिराती करायचा. त्याचा आवाज चिरका. म्हणून तो एकेक ओळ तिच्या कानाशी वाचायचा आणि ती ठणठणीत आवाजात बोलायची. पुढं ह्याच रीतीनं ती पुराचे निरोप सांगू लागली. बळवंत गेल्यावर सून आली कानाशी. प्रांजल ओळ वाचणार, अक्का बोलणार, पुन्हा ओळ, पुन्हा बोल. मग प्रांजल बसून आपला आवाज कापून टाकायची आणि अक्काचा तेवढा जोडायची. ऐकणाऱ्याला वाटायचं, बाई काय सरळ वाचते. जिल्ह्यानं तिला स्पष्ट वाचनासाठी शाल दिली. तिनं ती घेतली. सुरुवातीलाच खरं बोलली असती तर लोक हसले असते आणि विसरले असते. आता त्या न बोलण्याला एकोणीस वर्षं झाली होती.

आणि प्रांजलला नुसतं कुजबुजून भागत नव्हतं. अक्काचा कान उतरला होता, आवाज फुटेल इतपत बोलावं लागायचं. कुजबुजीत गळ्यातले पडदे हलत नाहीत, आवाज फुटला की हलतात आणि त्यात नाडी येते. दस्तगीरचे माइक एकापेक्षा एक तीक्ष्ण, ते सुनेची नाडी बरोबर उचलायचे.

"आत्या, दस्तगीरचाचांना सांगून टाकू या," प्रांजल म्हणाली. पुढच्या खोलीत, जिथं प्रतिध्वनी मरावा म्हणून चारी भिंतींना वाकळा टांगल्या होत्या, तिथं दोघी बसल्या होत्या. म्हणजे प्रांजल बसली होती. अक्का वाकळांच्या कडा ओढत फिरत होती.

"काय सांगू? की शाल घेताना माझं तोंड शिवलं होतं?"

"ह्यात लाजण्यासारखं काय आहे?"

"तुझ्याकडं दोन पदव्या हायत. तुला लाज लांबनं दिसते, म्हणून बारकी वाटते."

"मग पाठ करा."

"परीक्षेचा कागद आधी कुठं दाखवतात? आणि पुरात काय करू? तासाला नवा कागद येतोय. दरवाजे वेगळे, फूट वेगळे, गावं वेगळी."

"कानात बारीक हेडफोन..."

"कान उघडा पाहिजे म्हणून नियम हाय. तूच वाचलास न्हवं?"

प्रांजल म्हणाली, "मग मीच बोलते निरोप. माझी एकटीची मुद्रा लागेल."

अक्का थांबली. आठ दिवसांत पहिल्यांदा तिचे पाय थांबले.

"बोल की. आणि लोक निघतील तुझ्या आवाजानं? एकोणचाळीसनंतर ओळखीच्या आवाजावर विश्वास ठेवायला ती माणसं घाबरतात. अनोळखी आवाजाला तर कडीपण काढायची न्हाईत." मग जरा खालच्या पट्टीत, "आणि तुला ते हवंय की काय?"

"नाही," प्रांजल म्हणाली. "मला माणसं निघायला हवीत. कुणाच्या का आवाजानं."

हे खरं होतं, म्हणूनच अक्काला ते जास्त झोंबलं. तिनं भाजी करपल्याचं निमित्त काढलं आणि स्वयंपाकघरात गेली. भाजी अजून चिरलेलीही नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी चारला दस्तगीर स्वतः आला. चपला दाराबाहेर काढल्या, काखेतलं खोकं टेबलावर ठेवलं आणि बसायला सांगायची वाट न बघता बसला.

"माइकबरोबर परत आलेल्या मशीनमधलं रेकॉर्डिंग पुसायचं असतं, अक्का. पुसण्याआधी मी एकदा ऐकतो. आवाज खरंच पातळ आहे का ते बघायला."

अक्काच्या हातात निवडायची मेथी होती. बोटं थांबली.

"आवाज पातळ नाही," दस्तगीर म्हणाला. खोक्यातून त्यानं एक आखूड, जड माइक काढला. जाळीला एक पोचा होता. "हा डायनॅमिक. आधीचे सगळे कंडेन्सर होते, त्यांना वीज पाजली की ते घरभर कान लावून बसतात. हा कमी ऐकतो. तोंडापासून चार बोटं, तेवढं त्याचं जग. आणि पाठीमागं तर तो पार बहिरा आहे. त्याच्या मागं उभं राहून कुणी पाढे म्हटले तरी त्याला कळायचं नाही."

प्रांजलनं सासूकडं बघितलं. सासूनं मेथीकडं.

"मात्र ह्याची ठिणगी बारीक. फुंकणी दमदार पाहिजे. मंजुरी असलेले तीन प्रीॲम्प आहेत. त्यातल्या दोघांत आवाज वाढवला की सूं वाढते, ठोका बुडतो, मशीन म्हणतं नाडी अपुरी. हा तिसरा घ्या. वजनाला पाटा आहे, पण आतून गप्प असतो."

"कुणाकुणाला सांगितलंस?" अक्का म्हणाली.

"काय सांगितलं?"

"मला खुळी समजू नकोस दस्तगीर."

"अक्का," तो उठत म्हणाला, "मी माइक विकतो."

तिनं त्याला चहा विचारला नाही. तो गेल्यावर मात्र बराच वेळ दाराशी उभी राहिली, जणू तो परत येऊन अजून काही म्हणेल.

परीक्षा अठ्ठावीस मेला झाली. पूरकक्षाच्या चौगुले नावाच्या तरुण बाई पडद्यावरून बघत होत्या. कॅमेरा अक्काच्या तोंडावर, डायनॅमिक माइक तिच्या ओठांना टेकायच्या बेतात. माइकच्या आणि कॅमेऱ्याच्याही मागं, दोन हात लांब, प्रांजल कागद धरून उभी. कागद नवा, आधी न दाखवलेला, सलग आणि न कापता सांगायचा. प्रांजल हळू आवाजात एक ओळ सोडायची, अक्का ती उचलायची. नऊ सेकंदांच्या आत पुढची ओळ पाहिजे, म्हणून दोघींचा जीव टांगणीला. शेवटचा शब्द संपला आणि खिडकी हिरवी झाली.

"वा, आजी," चौगुलेबाई म्हणाल्या. "चष्मासुद्धा नाही?"

"डोळे अजून धडधाकट हायत," अक्का म्हणाली.

त्या दिवशी ती गल्लीतून तीनदा फिरली. भाजीवालीला सांगितलं, गिरणीवाल्याला सांगितलं, मशीनला माझ्यात काही खोट सापडली न्हाई म्हणून. संध्याकाळी घरी आली तर प्रांजल हेडफोन गळ्यात अडकवून बसलेली, चेहरा उतरलेला.

"आत्या, माळेवाडी."

"काय माळेवाडी?"

"कागदावर नऊ गावं होती. तुम्ही आठ घेतली. माळेवाडी मी बोलले, पण तुम्ही पुढच्या गावावर गेलात."

"तू बोललीच न्हाईस."

"बोलले. लांबून, हळू, घाईत. तुमच्यापर्यंत आलं नसेल." तिनं हेडफोन पुढं केला. अक्कानं तो कानाला लावला. आपला आवाज, ठणठणीत. सात गावं, आठ गावं, आणि मग "लगोलग निघा". मध्ये भोकसुद्धा नव्हतं. माळेवाडी कधी नव्हतीच, असं वाटावं इतकं सफाईदार.

"त्या बाईला कसं कळलं न्हाई?"

"त्या मुद्रा बघत होत्या. मुद्रा हिरवी होती."

माळेवाडी म्हणजे नदीच्या कोपरात वसलेली चारशे माणसं. पाणी आलं की पहिला रस्ता त्यांचाच बुडतो. अक्का हेडफोन हातात धरून उभी राहिली. एकोणचाळीसला तिचा आवाज कुणीतरी चोरला होता, त्यात तिचा हात नव्हता. आज चोर नव्हता. आज गळा तिचा, बोट तिचं, काळीज तिचं, आणि ह्या सगळ्याची साक्ष देणारी हिरवी मुद्रा. यंत्रानं एवढंच सांगितलं होतं की बोलणारी जिवंत आहे. ती काय गाळते आहे ते सांगायचं काम यंत्राचं नव्हतं.

"जरा जवळ उभी राहून बघते मी," प्रांजल म्हणाली. "एखादा हात पुढं."

"म्हणजे लाल होणार."

"मग मोठ्यानं, मागूनच?"

"कशाला मागून?" अक्का एकदम तडकली. "चोर हायस तू? घरातली सून हायस. माइकच्या पाठीमागं लपायला तू कुणाचं काय घेतलंयस?"

एवढी वर्षं प्रांजलला लपवलं होतं ते ह्याच बाईनं. पण सासू आता तिच्याशी भांडत नव्हती. ती खोलीभर फिरत कुणा तिसऱ्याच माणसाशी भांडत होती आणि ते माणूस तिला सापडत नव्हतं.

सकाळी दस्तगीर दुकानाचं शटर उचलत होता तोवर अक्का पायरीवर हजर. पिशवीतून तिनं तो आखूड माइक काढून काउंटरवर ठेवला.

"हा पण परत?" दस्तगीरचा आवाज खरोखर दुखावला. "अक्का, ह्याच्याएवढं कमी ऐकणारा माइक जगात नाही."

"तीच ह्याची खोट. मला तो पालीवाला दे."

"तो तुम्हाला चालला नव्हता."

"आता चालतोय. आणि त्या मशीनला एकच अंगठी असते का दोन?"

दस्तगीरनं चष्मा कपाळावर चढवला. "दोन लावता येतात. मुलाखती घेणाऱ्यांसाठी सोय आहे. दोन नाड्या, दोघांचीही नावं. पण नावं आधी भरावी लागतात, आणि कुणाचं काम काय तेही."

"भर. प्रांजल, वाचणारी. शालन बळवंत, सांगणारी."

त्याचं बोट पडद्यावर थांबलं. "अक्का, हे आपल्यातच राहत नाही. निरोप वाजला की प्रत्येकाच्या फोनवर खाली हे लिहून येतं."

"येऊ दे. मला कुठं वाचता येतंय?" ती म्हणाली.

दस्तगीरनं मान खाली घातली आणि भरायला लागला. त्याचे खांदे हलत होते. हसतोय की काय हे अक्कानं विचारलं नाही. चौगुलेबाईंना फोन मात्र तिनं स्वतः केला, आणि पाच मिनिटांत इतकं बोलली की त्या बाईंना "हो, चालेल, नियमात बसतं" एवढंच म्हणायला जागा मिळाली.

जून कोरडाच गेला. जुलैत नदी पात्रात राहिली. अक्का रोज दोनदा अंगठी पुसायची, माइकवरचं फडकं काढून पुन्हा घालायची. लोकांसमोर अजून काही आलं नव्हतं. उगारलेला घाव दिसत असावा आणि बसत नसावा, तसे ते दोन महिने गेले.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात, दुपारी दोनला, पहिला कागद आला. धरणाचे सगळे दरवाजे उघडले होते. दोघी एका बाकावर खेटून बसल्या, प्रत्येकीच्या बोटात अंगठी, मध्ये एकच माइक. प्रांजलनं मोठ्यानं, स्पष्ट वाचलं. अक्का तिच्यामागून बोलली. प्रांजलचा आवाज कागदासारखा सपाट, अक्काचा त्यावर पडलेल्या थापीसारखा. गावं एकेक करून आली, माळेवाडी तिसरी. सगळी नऊ झाली. खिडकी हिरवी झाली आणि तिच्याखाली दोन नावं उमटली.

निरोप गेला. दहा मिनिटं काही झालं नाही. ही दहा मिनिटं अक्कानं दारापासून खिडकीपर्यंत मोजली. मग फोन वाजला. प्रांजलनं स्पीकर लावला.

"अक्का, मी माळेवाडीचा जिन्नाप्पा खोत." म्हाताऱ्याच्या मागं माणसांची कुजबुज आणि गुरांचं हंबरणं ऐकू येत होतं. "तुमचा निरोप आलाय, पर आत दोन बायका बोलतायत. फोन दोन नावं दाखवतोय. एकोणचाळीसला एकच बोलली आणि माझा धाकटा भाऊ गेला. आता दोघी बोलतायत म्हणजे आम्ही काय समजायचं?"

"समजायचं काय? निघायचं."

"तसं न्हाई निघत कुणी. आधी सांगा, ती पहिली कोण?"

"माझी सून. ती कागद वाचते. दुसरी मी."

"तुम्ही का वाचत न्हाई?"

प्रांजलनं सासूच्या हाताकडं बघितलं. अंगठी अजून बोटात होती आणि मशीनच्या खिडकीतली नाडीची रेघ उड्या मारत होती.

"मला येत न्हाई, जिन्नाप्पा."

"काय येत न्हाई?"

"वाचायला. लिहायला. कधीच येत नव्हतं. आधी आमचे मालक सांगायचे, आता ही सांगते. मी नुसती ओरडते."

मग जिन्नाप्पा अवघडून म्हणाला, "अक्का, फोन मोठ्या आवाजावर हाय. सगळं गाव पारावर जमलंय. ऐकलं सगळ्यांनी."

अक्कानं डोळे मिटले. "बरं झालं. मग एकेकाला सांगायची दगदग वाचली. शाल परत पाठवीन मी जिल्ह्याला, तुम्ही गुरं सोडा."

पुन्हा कुजबुज. कुणीतरी हसलं, कुणीतरी त्याला गप्प केलं. मग मागून एका बाईचा करकरीत आवाज आला, अक्काला लाजवेल असा.

"अहो उभं काय राहिलाय. ही आपलीच हाय. खोटी असती तर तिला वाचता आलं असतं."

मग साखळ्या सुटल्याचा आवाज आला, एक, दोन, मग कितीतरी. ट्रॅक्टर सुरू झाला. "पोरी," जिन्नाप्पानं ओरडून विचारलं, आणि हे अक्काला नव्हतं, "आमचा रस्ता किती वाजेपर्यंत हाय, तेवढं परत वाच."

"पाच वाजेपर्यंत, आजोबा," प्रांजल म्हणाली. "वरच्या आळीनं शाळेच्या बाजूनं निघायचं. खालच्या आळीनं आत्ताच."

"ऐकलं." आणि फोन बंद झाला.

अक्का बाकावर बसली. पदरानं तोंड पुसलं, माइककडं बघितलं, मग सुनेकडं.

"ती बाई कोण बोलली, नाव विचारून ठेव. पूर ओसरला की जायचंय मला तिच्याकडं."

"भांडायला?"

"ते तिथं गेल्यावर ठरवू. दुसरा कागद आलाय न्हवं? वाच. आणि जरा मोठ्यानं वाच, तुझा आवाज अजून पातळ येतोय."